गालिचा धुवावा कसा आणि कोणी

(मंडळाच्या मासिक सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



व्यासपीठावरून बोलण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "मंडळाच्या बिछायतीचा प्रश्न निघाला आहे, तुमचे सासर मंडपवाल्यांचे, तेव्हा तुम्हीच बोला." म्हणून उभी राहिले आहे. लग्नसराईत आमच्या घरी रोज सतरंज्या, जाजमे, गालिचे परत येतात. कशावर जिलबीचा पाक, कशावर पानाची पिंक, कशावर हळद. गेली २२ वर्षे ती बिछायत झटकणे, धुणे, वाळवणे हे काम मी आणि माझ्या दोघी जावा पाहत आलो आहोत. तेवढ्याच भांडवलावर चार गोष्टी सांगते.

प्रश्न आपणांस ठाऊकच आहे. वर्धापनदिनापूर्वी मंडळाची बिछायत स्वच्छ करून घ्यायची आहे. एका यंत्रवाल्यांनी चौरस फुटाला एकच दर सांगितला आहे, मग सतरंजी असो की गालिचा असो. काही भगिनी म्हणतात, सर्व त्यांनाच देऊन मोकळे व्हावे. काहींचे म्हणणे, सर्व घरच्या घरी धुवावे, पैसे वाचतील. एक भगिनी म्हणाल्या, सर्व ड्रायक्लीनला टाकावे. मला अडचण वाटते ती या 'सर्व' शब्दाची. आपल्या कपाटात आहे तरी काय? १८ सुती सतरंज्या, दोन जमखाने, हॉलमध्ये अंथरायची ती हिरवी मॅट, आणि आपल्या पहिल्या अध्यक्षबाईंनी भेट दिलेला व्यासपीठावरचा लाल गालिचा. या चौघांची जात निराळी. आपण लुगडे, शालू आणि गोधडी एका बादलीत भिजवतो का? मग बिछायतीलाच हा न्याय का?

तेव्हा गालिचा कसा धुवावा हे विचारण्याआधी तो उलटा करून पाहावा. वरून सगळेच गालिचे देखणे दिसतात. खरे काय ते पाठीवर कळते. पाठीवर तीच नक्षी, तेच रंग आणि बारीक बारीक गाठी दिसल्या तर तो हातगाठीचा गालिचा. भदोही, मिर्झापूर, काश्मीर या भागांतून असे गालिचे येतात. त्यांचा ताणाबाणा बहुधा सुती आणि वरची लव लोकरीची असते. पाठीवर नक्षी न दिसता नुसते जाडेभरडे कापड चिकटवलेले दिसले, तर तो बंदुकीसारख्या हत्याराने लव टोचून केलेला गालिचा. त्यातली लव गाठीने धरलेली नसते. ती रबरासारख्या चिकाने धरलेली असते आणि तो चीक झाकायला मागे कापड लावलेले असते. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी पसरलेले असतात आणि दुकानदार दोघांनाही 'हाताचा' म्हणतो. खोटे तो बोलत नाही, कारण ते हत्यारही हातातच धरलेले असते!

लव कशाची आहे हे पाहायचे असेल तर कोपऱ्यातला एक धागा काढावा, चिमट्यात धरून पितळी ताटलीवर जाळावा. मुलांना लांब ठेवावे. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरगळली तर लोकर. कागदासारखा भुर्रकन जळला तर सूत. आणि वितळून त्याचा टणक मणी झाला तर ते प्लॅस्टिकचे सूत. एक चौथी जात आहे, फार चकाकते आणि रेशीम म्हणून विकली जाते. तीही कागदासारखीच जळते. ते रेयॉनचे सूत. पाणी लागले की त्याचा जीव अर्धा होतो, लव चिकटून बसते आणि पिवळी पडते. त्याला पाण्याने धुण्याचा विचारच करू नये.

हे सर्व मी इतके खोलात का सांगते? आमच्या शेजारच्या वहिनींनी प्रदर्शनातून असाच एक टोचलेला गालिचा घेतला होता. महिन्या-महिन्याने पैसे बाजूला टाकून घेतलेली वस्तू. ऐन आषाढात पाहुणे येणार म्हणून त्यांनी एका यंत्रवाल्याला बोलावले. त्याने गरम पाण्याचा फवारा मारला, ओढून घेतले तेवढे घेतले आणि पैसे घेऊन गेला. गालिचा तीन दिवस वाळला नाही. चौथ्या दिवशी मागचे कापड फुग्यासारखे सुटले, खालून चिकाची पांढरी भुकटी गळू लागली आणि घरात कुबट वास भरला. तक्रार केली तर तो म्हणाला, "बाई, मालच हलका होता." माल हलका होता हे खरेच. पण हातात यंत्र धरणाऱ्याने आधी पाठ उलटून पाहायला नको? वहिनींनी नंतर तो गालिचा उचलून गच्चीवर टाकला, तो तिथेच पडला आहे. घरात त्यावरून जे बोलणे त्यांना ऐकावे लागले ते मी येथे सांगत नाही. आपणा सर्वजणींना ते न सांगताही कळेल.

आता रीती सांगते. सर्वांत मोठी रीत म्हणजे झटकणे, आणि तिला आपण रीत म्हणतच नाही! गालिच्याचा शत्रू डाग नव्हे, बुडाशी बसलेली बारीक वाळू. वर पाय पडला की ती वाळू करवतीसारखी लवेचे मूळ कापते. तशात पाणी ओतले की तिचा चिखल होतो आणि तो आणखी खोल जातो. म्हणून पाण्याच्या आधी धूळ निघालीच पाहिजे. गालिचा लवेची बाजू खाली करून फरशीवर पालथा घालावा, पाठीवर हाताने किंवा चपट्या काठीने हलके थापटावे, मग उचलून पाहावे. फरशीवर वाळूची रांगोळी पडलेली दिसेल. ती झाडून पुन्हा थापटावे. असे चार वेळा तरी करावे. दोरीवर टांगून दणादण बडवणे नव्या सतरंजीला चालते. जुन्या गालिच्याचे मात्र त्याने धागे तुटतात.

घरी ओढणीचे यंत्र, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तमच. ते लवेच्या दिशेने फिरवावे, काठाच्या गोंड्यांवरून फिरवू नये. हे यंत्र कसे निघाले ते माझ्या मुलीने मला वाचून दाखवले. १९०१ साली इंग्लंडात बूथ नावाच्या इंजिनियराने ते काढले. त्या आधीची यंत्रे वारा सोडून धूळ उडवीत. या गृहस्थाने खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवला आणि त्यावर तोंड लावून जोराने श्वास आत ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला. झाले, सापडले वर्म! पुढच्याच वर्षी, १९०२ साली, राजाच्या राज्याभिषेकासाठी तिथल्या मोठ्या चर्चमधले गालिचे त्याच्या यंत्राने साफ केले. आपल्या सोफ्यावर हा रुमालाचा प्रयोग कोणी करू नये, खोकला येईल. पण धूळ उडवणे आणि धूळ काढणे यात फरक आहे, हे मात्र ध्यानात धरावे.

कोरड्या पुडींविषयी थोडेच सांगते. खाण्याचा सोडा भुरभुरून तासाभराने झाडला तर वास जातो, मळ जात नाही. मोबाईलवर सांगतात की सोडा टाका आणि वर व्हिनेगर ओता. फेस मोठा येतो, पाहून समाधानही वाटते, पण दोघांनी एकमेकांचा जोर मारलेला असतो आणि उरते ते खारट पाणी.

शांपूचा फेस आणि फिरता ब्रश ही दुसरी रीत. करतेवेळी फार छान दिसते. पण फेस पूर्ण निघाला नाही तर तो लवेत चिकट राहतो आणि गालिचा पंधरा दिवसांत पूर्वीपेक्षा लवकर मळतो. मग पुन्हा त्यालाच बोलवा! लोकरीच्या लवेवर फिरता ब्रश नकोच, शेंडे पिंजल्यासारखे होतात.

तिसरी रीत यंत्रवाले 'स्टीम' म्हणून सांगतात ती. खरे म्हणजे ती बहुधा वाफ नसते, गरम पाणी आणि साबण आत फवारून लगेच ओढून घेणे असते. हे यंत्र वाईट नाही, हे मी स्पष्ट सांगते. कचेरीत जमिनीला चिकटवलेला प्लॅस्टिकच्या सुताचा गालिचा असतो, तो उचलून थोडाच धुता येतो? तिथे याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. फक्त ओढणारा पंखा जोरदार पाहिजे. हात लावून पाहावा, ओल लागली तर ठीक, पाणी टपकले तर त्याला पुन्हा ओढायला लावावे.

ड्रायक्लीनमध्ये पाण्याऐवजी औषधी द्रव वापरतात. चिकाने जोडलेल्या गालिच्याचा चीक त्या द्रवानेही सुटू शकतो. म्हणजे वहिनींच्या गालिच्याला तोही मार्ग नव्हता. घरी आणल्यावर तो वास जाईपर्यंत गालिचा उघड्या हवेत ठेवावा, लहान मुलांच्या खोलीत तर लगेच अंथरूच नये.

राहिली ती आपली जुनी रीत, अंगणात पसरून पाण्याने धुणे. हातगाठीचा लोकरी गालिचा पक्क्या रंगाचा असेल तर ही रीत अजूनही पहिल्या नंबरची आहे. पण तिच्या अटी आहेत. पाणी गार किंवा कोमट, कढत कधीच नाही. कढत पाण्यात घासले की लोकर आटते आणि तिचा नमदा होतो. धुण्याचा सोडा आणि कपड्यांची तिखट पावडर लोकरीला चालत नाही. रिठ्याचे पाणी गाळून, पातळ करून घ्यावे. अगदी पांढऱ्या लोकरीवर त्याची पिवळट झाक येते म्हणून तिथे सौम्य द्रवसाबण बरा. ब्लीचिंगचे पाणी तर लोकर अक्षरशः खाते. धुऊन झाल्यावर पिळायचे नाही. गुळगुळीत लाकडी फळीने लवेच्या दिशेने पाणी निपटून काढायचे. आणि ओला गालिचा दोरीवर टांगायचा नाही, स्वतःच्याच वजनाने तो वाकडा होतो. बाजा मांडून त्यावर आडवा घालायचा, म्हणजे खालून वारा लागतो.

वजनाचे निघाले म्हणून सांगते. विंडसरच्या राजवाड्यात एक गालिचा आहे, व्हिक्टोरिया राणीसाठी आपल्या आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणलेला. १९९२ साली तिथे आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला ५० सैनिक लागले. आपल्या घरी मात्र ओला गालिचा गच्चीवरून खाली आणायला सासूबाई, सून आणि फार तर धुणे करणाऱ्या मावशी एवढेच मनुष्यबळ असते. पुरुषमंडळी "झाला का वाळून?" एवढे वरून विचारतात. माझ्या मोठ्या जाऊबाईंची कंबर अशाच एका ओल्या जाजमाने कायमची गेली. घरी धुतले म्हणजे फुकट झाले, असा हिशेब जेव्हा आपण सभेत मांडतो, तेव्हा त्यात ही कंबर कोणी धरीत नाही. मी धरते.

दुसरी गोष्ट हवेची. वाळण्याला एका दिवसाहून अधिक वेळ लागणार असेल तर गालिचा भिजवूच नये. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळी धुतलेली सतरंजी दुपारी कडक होते. माझे माहेर चिपळूणचे. तिथे श्रावणात हातरुमाल वाळत नाही, तिथे गालिचा काय वाळणार? म्हणून एकीने सांगितलेली रीत दुसरीच्या गावी चालेल असे नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या बहिणीच्या घरात छातीएवढे पाणी शिरले. गटाराचे, चिखलाचे, सगळे मिसळलेले पाणी. तिने सुती सतरंज्या उकळून, पुन्हा पुन्हा धुऊन वापरात आणल्या. गालिचा मात्र टाकून दिला. असे पाणी जाड लवेत मुरले की घरच्या कोणत्याही रीतीने ते खात्रीने निघत नाही. तिला फार वाईट वाटले, पण घरात तान्हे मूल होते.

मुलांच्या दम्याबद्दल मला बऱ्याच जणी विचारतात. धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, दमट गालिच्यात ते वाढतात आणि त्यांच्यामुळे काही मुलांचा खोकला, दमा बळावतो. अशा घरी गालिचा कोणत्या रीतीने धुवावा हा प्रश्नच चुकीचा आहे. निजण्याच्या खोलीतून तो काढावा आणि पातळ सुती सतरंजी घालावी, जी चांगल्या कढत पाण्यात वरचेवर धुता येते. औषधपाणी डॉक्टर सांगतील तसे.

आता हळदीकुंकवाचे डाग, कारण आपल्या सतरंज्यांवर दुसरे आहे तरी काय! हळदीच्या डागाला आपण घाईघाईने साबण लावतो आणि तो लालभडक होतो. मग वाटते, रंगच गेला. रंग गेलेला नसतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तोच गुण साबणाच्या आणि सोड्याच्या क्षाराचा. लिंबू लावले की ती पुन्हा पिवळी होते. आणि हा पिवळा रंग उन्हाला भितो. सुती सतरंजी धुऊन ओली असतानाच कडक उन्हात डागाची बाजू वर करून घालावी, दोन-तीन उन्हांत डाग फिका होत होत जातो. कुंकू सांडले तर पाणी मुळीच लावू नये. कोरडे असतानाच उचलावे, उरलेले कुंच्याने टिपावे. चहा सांडला तर कोरडे फडके दाबून धरावे, चोळू नये. चोळलेला डाग पसरतो आणि आत उतरतो. पंढरपूरहून आलेल्या पाहुण्यांच्या समोर हे सगळे करायला संकोच वाटतो हे खरे, पण ते गेल्यावर उशीर झालेला असतो.

आता आपल्या बिछायतीविषयी माझे मत. १८ सतरंज्या सुती आहेत. त्या यंत्रवाल्याला देण्याचे कारण नाही. आजवर त्या ज्या दोन मावशी धूत आल्या त्यांनाच द्याव्यात, परंतु नगावर मजुरी वाढवून द्यावी आणि ओली सतरंजी उचलायला दरवेळी दोघी असल्याच पाहिजेत असे ठरवून द्यावे. जमखाने रंगीत सुताचे आहेत. नवलगुंदला असे जमखाने बायकाच विणतात. त्यांच्या रंगाची परीक्षा केल्याशिवाय ते भिजवू नयेत आणि इतर कशाबरोबर तर नाहीच नाही. हिरवी मॅट प्लॅस्टिकच्या सुताची आहे. तिला पाहिजे तर यंत्र लावा, नाही तर नळी धरून धुतली तरी चालेल.

राहिला लाल गालिचा. तो मी गेल्या आठवड्यात चिटणीसबाईंच्या समक्ष उलटा करून पाहिला. हातगाठीचा आहे, लव लोकरीची आहे. प्रत्येक रंगावर ओले पांढरे फडके पाच मिनिटे दाबून धरले. निळ्याने, पिवळ्याने, काळ्याने काही सोडले नाही. लालाने फडक्यावर गुलाबी छाप उमटवली. ते फडके मी आणले आहे, हे पाहा. म्हणजे हा गालिचा भिजला तर लाल रंग मधल्या पांढऱ्या वेलबुट्टीत उतरणार, आणि एकदा उतरला की तो परत काढणारा आपल्यापैकी कोणी नाही. गरम पाण्याचे यंत्र तर त्याला लावूच नये. मग काय करावे? पालथा घालून धूळ काढावी, सुलटा करून ओढणीचे यंत्र फिरवावे, मग रिठ्याच्या पाण्यात फडके बुडवून, घट्ट पिळून, हातभर जागा घेत वरच्या वर पुसावे, लगेच कोरड्या फडक्याने टिपावे आणि सावलीत वाऱ्याला ठेवावा. एवढ्याने तो नवा दिसणार नाही. एका कोपऱ्याला जुना तपकिरी डाग आहे, तो राहील. राहू द्यावा, त्यावर समईची चौरंगी येते. पुढेमागे पूर्ण धुण्याची वेळ आलीच तर हातगाठीचे गालिचे धुण्याचाच ज्यांचा धंदा आहे अशांकडे द्यावा, आणि देण्यापूर्वी लाल रंग सुटतो हे त्यांना पावतीवर लिहून द्यायला लावावे.

काही भगिनी म्हणतील, वर्धापनदिनाला डागाळलेला गालिचा घालायचा? बाईंनी तो मंडळाला दिला तेव्हा मी सभासद नव्हते. परंतु ज्या जुन्या भगिनी येथे बसल्या आहेत, त्यांना तो गालिचा कोरा पाहिजे की बाईंचा पाहिजे, हे त्यांनीच सांगावे. मत घेतले तर बहुमताला मी बांधलेली आहे.

 ठराव मंजूर झाला तर येत्या शनिवारी सकाळी सातला गच्चीवर यावे, उन्हे चढण्यापूर्वी धूळ काढून झाली पाहिजे. नाकाला बांधायला फडके आणि घरातले जुने सुती पंचे आणावेत. रिठे मी आदल्या रात्री भिजत घालीन. बाजा तीन लागतील. दोन आमच्याकडच्या आहेत, तिसरी कोणाकडे असेल त्यांनी सभा संपल्यावर मला सांगावे.